दाराकडे तोंड असलेली खुर्ची

९ सप्टेंबर, बहुतेक. इथल्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्याच वर्षी थांबलंय.

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "राजीनामा दिला. घरी दवाखाना काढणार. तू ये." एवढी वर्षं डॉक्टरकी शिकलीस आणि भावाला तीन वाक्यं. औषधाच्या चिठ्ठीवर याहून जास्त लिहीत असशील.

कार्ड आलं तेव्हा मी शिडीवर होतो, गादीच्या दुकानाचा बोर्ड रंगवत. पोस्टमनने खालून हात हलवला, मी उतरलो, वाचलं आणि त्या नादात तसाच चहाला निघून गेलो. परत येऊन बघतो तर मालक रस्त्याच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "पेंटर, माझं दुकान गाण्याचं नाही." वर नुसतं 'उत्तम गा' झालं होतं.

तर मी येतो. समोरच्या खोलीत काय काय भरलंय ते तुला ठाऊक आहे. माझी मोडकी सायकल, आईचं शिवणयंत्र, आणि मी अर्धवट सोडलेल्या सगळ्या धंद्यांची हत्यारं. ते काढतो, भिंती घासतो. बोर्ड मीच लिहिणार. तू कानाची डॉक्टर झालीस त्या दिवसापासून तुझ्या नावाचं वळण माझ्या डोक्यात बसलेलं आहे.

एक मात्र आठवलं. तू मोठ्या सरांच्या हॉस्पिटलात शिकायला लागलीस तेव्हा कसल्या तरी करारावर सही केली होतीस ना? सोडल्यावर आसपास दवाखाना काढायचा नाही, असं काहीतरी. आईने विचारलं होतं, वाचलंस का सगळं. तू म्हणाली होतीस, वाचायला वेळ कुठे होता.

उरलेलं 'दी' लिहून निघतो.

तुझा
भिंगऱ्या

ता.क. इथे एका न्हाव्याकडे पोपट आहे. बोलत नाही, फक्त माणसासारखा शिंकतो. गिऱ्हाईक दचकतं आणि वस्तरा लागतो. तरी पोपट हलवत नाहीत.

•

१७ सप्टेंबर

भिंगऱ्या,

पायाला भिंगरी असलेल्या माणसाला इतकं जुनं बरं आठवलं.

हो, करार आहे. नोकरी सोडल्यापासून दोन वर्षं, हॉस्पिटलपासून पंचवीस किलोमीटरच्या आत कानाचं काम करायचं नाही. स्वतःचा दवाखाना नाही, दुसऱ्याकडे नोकरी नाही. मोडला तर दंड, आणि शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला तोपर्यंत त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी ऑफिसात उभ्या उभ्या सही केली, सरांच्याच पेनने. मी जरा थांबले होते. सर हसले आणि म्हणाले, "आपल्यात कागद कशाला लागतो. ऑफिसला लागतो, एवढंच." असं म्हटल्यावर वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

आणि अविश्वास कुणावर दाखवणार? पहिल्यांदा कानाच्या पडद्याचं ऑपरेशन केलं तेव्हा ते मागे उभे होते. माझ्या कोपराखाली त्यांचा तळवा होता. स्पर्श नाही, फक्त होता. घसरलीच तर, म्हणून. राजीनामा दिला तेव्हाही म्हणाले, "मुलगी सासरी जाते तसं समजतो." अजून तीन महिने इथेच काम करायचंय, नोटिशीचा काळ म्हणून. आमची चष्मेवालीही माझ्याबरोबर बाहेर पडतेय. तुला सांगितलं होतं ना तिच्याबद्दल, माझ्या हाताखाली शिकली ती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जिथे तिथे मी." तिने लगेच राजीनामा लिहिलासुद्धा. मी म्हटलं, दोघी मिळून उभं करू.

आपलं घर खाडीच्या पलीकडे, रस्ता पूर्ण वळसा घालून जातो, म्हणजे पंचवीसच्या पुष्कळ बाहेर असणार. तू येताना मोजून सांग.

आता खोलीचं नीट ऐक. पेशंटची खुर्ची अशी ठेव की त्याचं तोंड दाराकडे होईल. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागे दार असलं की तो सारखा वळून बघतो, कुणी आलं का म्हणून. आईला पाहिलंयस तू. आणि खिडकी पेशंटच्या पाठीशी, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडेल. सगळे डॉक्टर खिडकीकडे पाठ करून बसतात आणि त्यांचं तोंड अंधारात जातं. बहिऱ्या माणसाने ओठ वाचायचे कुठून? आई किती डॉक्टरांपुढे नुसती मान हलवून आली. त्या खोलीत तसं व्हायला नको.

आईला सांग, पहिली पेशंट तीच.

ताई

•

२ ऑक्टोबर, घरून

ताई,

मोजलं. हॉस्पिटलच्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत, मोटरसायकलच्या काट्यावर, चव्वेचाळीस. एकेचाळीसला एक म्हैस आडवी आली म्हणून थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण म्हशीची सूट दिली तरी आपण केवढे तरी बाहेर आहोत. तुझ्या त्या कागदाची होडी करून खाडीत सोड.

आई बरी आहे. मी दारात उभा राहिलो तर तिने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, बोर्ड लिहून होईपर्यंत. म्हणाली, "मग एकेक अक्षर सावकाश लिही."

तू दिलेल्या पुस्तकांच्या खोक्यासाठी हॉस्पिटलात थांबलो होतो. तू ऑपरेशनला आत होतीस. बाकड्यावर बसलो तर मोठे सर स्वतः तिथून चालले होते. थांबले. "तुम्ही तिचे भाऊ ना? नाक सांगतंय." मला केबिनमध्ये नेलं, चहा सांगितला. ताई, एवढा मोठा माणूस आणि माझ्या रंगाच्या डब्यांबद्दल विचारत होता, कोणता रंग उन्हात टिकतो म्हणून. मी त्यांना लाल कसा पहिला उडतो आणि काळा कसा शेवटपर्यंत राहतो ते सगळं सांगितलं. मग खोलीचं विचारलं त्यांनी. मी खुर्चीचं, खिडकीचं, चष्मेवालीचं सांगितलं. ते म्हणाले, "वा, खुर्ची दाराकडे. हे आम्हाला नाही सुचलं कधी." मी म्हटलं, आणि सर, काळजी नसावी, आम्ही तुमच्या पंचवीसच्या बाहेर आहोत, मी आता मोजतच निघालोय. फार हसले. फाटकापर्यंत सोडायला आले.

माणूस सोन्यासारखा आहे. उगाच घाबरत होतीस.

खुर्ची जुनी मिळाली, दात काढणाऱ्या डॉक्टरची. फिरते. आई रोज संध्याकाळी तिच्यात बसते आणि दाराकडे बघते. मी तुझ्या जागेवर बसून ओठ हलवतो. काल तिने माझं सगळं बरोबर ओळखलं, शिवीसकट.

भिंगऱ्या

•

१५ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

आईने हे आधी वाचलं तर वाचू दे. तिच्यापासून लपवण्यासारखं नाही.

वकिलाची नोटीस आली. मला आणि चष्मेवालीला, दोघींना. सरांची केबिन माझ्या दारापासून तिसरी आहे. नोटीस मात्र पोस्टाने आली, शिक्क्यासह.

तू मोटरसायकलवर मोजलंस. त्यांनी कावळ्यावर मोजलं. करारात 'परीघ' म्हटलंय. नकाशावर हॉस्पिटलमध्ये टोक रोवून गोल काढायचा आणि खाडी वगैरे काही बघायचं नाही. खाडीवरून सरळ आपलं घर अठरावर येतं. नोटिशीत ते तसंच लिहिलंय. खोलीत खुर्ची कुठे ठेवली आहे तेही लिहिलंय, 'व्यवसायाची तयारी केल्याचा पुरावा' म्हणून.

मी तुला दोष देत नाही. चहा देऊन विचारलं तर तू काय, दगडसुद्धा बोलला असता. पण यापुढे कुणाशी बोलू नकोस.

सकाळी कॉरिडॉरमध्ये सर समोरून आले. मला वाटलं काहीतरी बोलतील. म्हणाले, "चार नंबरच्या पेशंटचे टाके बघून घे." तेवढंच. मी गेले आणि बघितले. कोपराखाली कुणी नव्हतं.

वकिलीणबाई म्हणाल्या, असल्या अटी कोर्टात टिकतीलच असं नाही, पण टिकत नाहीत हे ठरेपर्यंत तुमचे केस पांढरे होतील, आणि दाखला तोवर त्यांच्या कपाटात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्याच्या हातात काही दिसत नाही.

पण आम्ही दोघी लढणार आहोत. चष्मेवालीला मी तसा शब्द दिलाय. तिच्या घरी कुणी कमावणारं नाही, तरी ती म्हणाली, मॅडम, तुम्ही आहात ना.

खोलीचं काम थांबवू नकोस.

ताई

•

२४ ऑक्टोबर

ताई,

चार दिवस मी कुणाशीच बोललो नाही. न्हाव्यालाही नुसती मान हलवून दाखवली. त्याने भलतेच केस कापले.

मला त्या चहाची चव आठवते आणि जीभ खरवडावीशी वाटते. रंगाचं विचारत होता गं तो. मला वाटलं, माणसाला आवड आहे. मी जन्मभर अनोळखी लोकांच्या ओसरीवर झोपत आलो, कुणी कधी माझा डबा उचलला नाही. आणि हा, माझ्या बहिणीला मुलगी म्हणणारा, माझ्या तोंडातून तिचंच घर काढून घेऊन गेला.

आईने तुझं पत्र वाचलं. दोनदा. मग खोलीत जाऊन खुर्ची पुसली.

कालची गंमत ऐक. मागच्या गल्लीतला शिंपी आला, कानात शिट्टी वाजते म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर अजून यायची आहे. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मग मी बसतो." जेवायच्या वेळेपर्यंत बसला. आईने त्याच्याकडून तेवढ्यात तिच्या पोलक्याच्या बाह्या उसवून घेतल्या. तो जाताना म्हणाला, शिट्टी आहे, पण बरं वाटलं.

तुझी चष्मेवाली रविवारी येऊन गेली, दोन बस बदलून. टेबलावर ठेवायचा, मान वळणारा दिवा घेऊन आली. "दादा, संध्याकाळी खिडकीतून उजेड नसतो, मॅडमचं तोंड पेशंटला दिसायला हवं." तिने तो लावून, माझं तोंड डावीउजवीकडे करून बघितलं. मी इतका वेळ गप्प आयुष्यात पहिल्यांदाच बसलो. आईशी ती फार छान बोलते. हळू नाही, मोठ्याने नाही, नुसतं समोर बसून.

मला खालच्या बंदरावर होड्यांवर नावं लिहायचं काम आलं होतं. तुला माहीत आहे मला ते किती आवडतं, होडीचं नाव लिहिलं की ते चालत जातं. नाही म्हटलं. तू येईपर्यंत मी इथून हलत नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

बोर्डाला पांढरा हात देऊन वाळत ठेवलाय. लढा म्हणजे काय करायचं असतं ते मला सांग, मी करतो.

भिंगऱ्या

•

२० नोव्हेंबर

ताई,

महिना होत आला, पत्र नाही. कामात असशील. नुसतं 'जिवंत' इतकं लिहून पाठव. तीन वाक्यांच्या कार्डाबद्दल तुला बोललो ते मागे घेतो.

बोर्ड वाळून खडखडीत झाला आहे. त्यावर एक पाल रोज येऊन झोपते.

भिंगऱ्या

•

२८ नोव्हेंबर

भिंगऱ्या,

मी ठीक आहे. काही बोलणी चालू आहेत, पत्रात लिहिण्यासारखी नाहीत. तू सध्या बोर्ड लिहू नकोस. खोलीचंही राहू दे. तुला बंदरावरचं काम मिळत असेल तर जा, माझ्यासाठी अडकून बसू नकोस.

आईला सांभाळ. तिला म्हणावं, मी लवकर घरी येते आहे, आणि कायमची.

ताई

•

१९ डिसेंबर

ताई,

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, ताई जिंकत आलीय. कायमची येतेय. आईने पत्र पुन्हा वाचायला घेतलं. मी म्हटलं, बोलणी चालू आहेत म्हणजे ते घाबरले. माझं डोकं असंच चालतं, तुला ठाऊक आहे, उतार दिसला की धावतं.

हातात काम नव्हतं म्हणून बस थांब्यासमोरच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात रंगकाम घेतलं. ठेकेदार बाहेरचा आहे, पान खात नाही पण थुंकतो. म्हणाला, दवाखाना होतोय. मी म्हटलं, होऊ दे. दवाखान्यांचा रंग मला आवडत नाही, तो ना पांढरा ना हिरवा, आजारी माणसाच्या तोंडासारखा. तरी दिला.

परवा सामान आलं. एक खुर्ची, नवीकोरी. हमालांनी ती जशी सगळीकडे ठेवतात तशी ठेवली, दाराकडे पाठ करून. ठेकेदार ओरडला, "अरे, फिरवा ती. मॅडमनी चारदा सांगितलंय. पेशंटचं तोंड दाराकडे. खिडकी त्याच्या मागे. उजेड डॉक्टरच्या तोंडावर आला पाहिजे."

माझ्या हातात ब्रश होता. रंग कोपरापर्यंत ओघळला तरी मला कळलं नाही.

मी विचारलं, "मॅडम कोण?"

"कानाच्या आहेत. मोठ्या सरांच्या पट्टशिष्या. त्याच सांभाळणार ही शाखा. इथलीच मुलगी आहे म्हणतात."

"असेल," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी गेलो आणि तोंड मिटून बसलो. आईपुढे मी कधी खोटं बोलू शकत नाही, तिचे डोळे ओठांवरच असतात. म्हणून बोललोच नाही. तिने ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तू गप्प आहेस म्हणजे मोठं आहे. तिची तब्येत?" मी मान हलवली, नाही. "मग तिने काय केलं?"

बघ, 'तिला काय झालं' नाही विचारलं. 'तिने काय केलं' विचारलं.

मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग. आणि ताई, ती चष्मेवाली तुझ्याबरोबर आहे ना? तेवढं तरी हो म्हण.

भिंगऱ्या

•

२७ डिसेंबर

भिंगऱ्या,

हे ठेकेदाराच्या पत्त्यावर पाठवतेय. आईने आधी वाचू नये म्हणून.

तुला असं कळायला नको होतं. मी येऊन सांगणार होते. रोज ठरवायचे आणि रोज एखादं ऑपरेशन निघायचं.

नोव्हेंबरात सरांनी बोलावलं. पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले आणि दार लावलं. म्हणाले, तुझं म्हणणं खरं आहे, त्या बाजूच्या लोकांना कानाचा डॉक्टर नाही. मग आपणच शाखा काढू. तू प्रमुख. नोटीस मागे, दंड नाही, दाखला त्याच दिवशी हातात. भिंगऱ्या, तूच विचार कर. मला तेच हवं होतं ना? आपलं गाव, आपले पेशंट, आई दोन गल्ल्यांवर. आपल्या खोलीत मला कान तपासायची भिंगं, ऑपरेशनचं टेबल, काहीच परवडलं नसतं. तो शिंपी इथे बरा होईल. तिथे नुसता बसला असता. यात नुकसान कुणाचं झालं? मान गेला म्हणशील. माझा गेला, तो मी बघून घेईन. दहा वर्षं शिकले ते कपाटात कुजवून ठेवायला नाही.

खुर्चीचं सरांनीच काढलं. म्हणाले, ती तुझी कल्पना आहे, सगळ्या शाखांत तशीच ठेवू.

चष्मेवालीचं वेगळं आहे. तिचा करार स्वतंत्र आहे, तिची नोटीस तशीच राहिली. मी सरांशी बोलले, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा काढायला ती वेळ बरोबर नव्हती. ती लहान आहे, दोन वर्षं कुठेही लांब काढील. तिला मी लिहिणार आहे.

माझा नवा करार पाच वर्षांचा आहे, आणि परीघ प्रत्येक शाखेपासून धरायचा. पण मला कुठे जायचंय आता.

एक छोटं काम आहे. सोबत कागद पाठवतेय. घर आईच्या नावावर, म्हणून तिची सही हवी, आणि साक्षीदार म्हणून तुझी. समोरची खोली पाच वर्षं कानाच्या कुठल्याही डॉक्टरला द्यायची नाही, भाड्याने नाही, फुकट नाही, एवढंच त्यात आहे. सरांना चष्मेवालीची शंका आहे. तू आईला समजावून सही घे. तिने सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही, उगाच घाबरेल. आपल्यात कागद कशाला लागतो. ऑफिसला लागतो, एवढंच.

ताई

•

४ जानेवारी, घरून

ताई,

तुझं पत्र मी आईला दिलं. तू नको म्हणाली होतीस. पण कागदावर तिची सही हवी आणि पत्र तिने वाचायचं नाही, हे मला जमलं नाही. मी शाळेत फार टिकलो नाही, पण लिहिलेलं आधी वाचावं हे आईनेच आपल्याला शिकवलं होतं. तुला आणि मला, एकाच दिव्याखाली.

ती वाचत असतानाच चष्मेवाली आली. तुझं पत्र तिला मिळालं नव्हतं. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती आणि तू भेटत नव्हतीस, म्हणून आमच्याकडे विचारायला आली होती. येताना बस थांब्यावर उतरली. समोर काय आहे ते तुला माहीतच आहे. दुकान उघडं होतं. तिने खुर्ची पाहिली.

रडली वगैरे नाही. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, तो दिवा न्यायला आलेय." मी वायर गुंडाळायला लागलो. वायर गुंडाळायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम मला म्हणाल्या होत्या, तू आधी राजीनामा दे, म्हणजे त्यांना कळेल आपण दोघी आहोत." हे तू मला लिहिलं नव्हतंस, ताई. तू लिहिलं होतंस, तिने लगेच राजीनामा लिहिला.

आईने तिला खुर्चीत बसवलं. स्वतः तुझ्या जागेवर बसली, उजेडात. म्हणाली, "माझ्या मुलीने तुझं वाईट केलंय. मी तोंडाने सांगतेय, नीट बघ." चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "कळलं, काकू," म्हणाली. दिवा घेऊन गेली. खूप लांब कुठेतरी नोकरी बघणार आहे, नाव सांगितलं, मी तिथे एकदा गेलो होतो, तिथले लोक होड्यांना नावंच देत नाहीत, नुसते आकडे. हे तिला कशाला सांगितलं देव जाणे.

ठेकेदाराने मला शाखेच्या बोर्डाचंही काम दिलं. मी ते केलं. तुझं नाव लिहिलं, प्रमुख म्हणून, सरांच्या नावाखाली. एकही अक्षर वाकडं नाही, लांबून बघ, तुला आवडेल. तुझ्या नावाचं ते वळण कितीतरी वर्षं डोक्यात होतं, ते हातातून तसंच उतरलं, मी थांबवू शकलो नाही. काळा वापरलाय. टिकेल.

घरचा बोर्ड कोराच आहे. पालीला हलवलेलं नाही.

मी उद्या निघतोय, खाली बंदरावर. तुझा कागद मी टेबलावर ठेवलाय, वर पेन ठेवलंय, वाऱ्याने उडू नये म्हणून. मी साक्षीदाराच्या जागी सही केलेली नाही. साक्षीदाराने काही बघितलेलं असावं लागतं, असं मला वाटतं. मी जे बघितलं ते त्यात लिहिलेलं नाही.

आईचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहितोय, ती शेजारी बसून बघतेय.

"सही करीन. नाही म्हणत नाही, तू माझी मुलगी आहेस. पण शेवटची ती ओळ, कागद कशाला लागतो ती, मला पत्रातून समजली नाही. पत्रात ओठ दिसत नाहीत. घरी ये. मी खुर्चीत बसते. तू तुझ्या जागेवर बस, सकाळी ये म्हणजे खिडकीतून उजेड असेल, दिवा आता नाही. आणि ते वाक्य मला समोर बसून म्हण. तू म्हणून होईपर्यंत मी तुझ्या तोंडाकडे बघीन. मग सही करीन."

ताई, ती आत्तापासूनच जाऊन बसली आहे. दाराकडे तोंड करून.

भिंगऱ्या